३४ डॉलरचे फायर सायडर किट आणि सासूबाईंची फेसलेली मोहरी

गेल्या ऑक्टोबरात मी ३४ डॉलर मोजून ‘फायर सायडर’ घरच्या घरी तयार करण्याचे एक किट विकत घेतले. आम्ही शिकागोच्या पश्चिमेकडील एका उपनगरात राहतो. येथे नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत घरात कोणाला ना कोणाला सर्दी असतेच, आणि कार्यालयातील मैत्रिणींच्या टेबलांवर या तिखट व्हिनेगरच्या बाटल्या दिसू लागल्यापासून ते एकदा आपण करून पाहावे, असे मनात होते. किट कोणत्या दुकानाचे हे येथे लिहीत नाही, कारण याच धर्तीची आणखीही किटे मिळतात आणि घेणाऱ्याने काय पाहून घ्यावे, एवढेच मला सांगायचे आहे.

ज्यांनी हे नाव ऐकलेले नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सफरचंदाच्या व्हिनेगरमध्ये किसलेले हॉर्सरॅडिशचे मूळ (युरोपीय जेवणातले एक पांढरे, झणझणीत मूळ), आले, कांदा, लसूण आणि लाल मिरची घालून ते तीन-चार आठवडे मुरू द्यायचे, मग गाळून त्यात मध मिसळायचा, एवढीच ही कृती आहे. अमेरिकेतील वनौषधी-शिक्षिका रोझमेरी ग्लॅडस्टार यांनी कॅलिफोर्नियातील सोनोमा परगण्यात १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आपल्या विद्यार्थ्यांना ती शिकवली आणि पुढे ती घरोघरी पसरली. व्हिनेगर आणि मध यांची जोडी मात्र त्याहून कितीतरी जुनी आहे. ग्रीक वैद्य तिला ‘ऑक्सिमेल’ म्हणत आणि युनानी हकीम ‘सिकंजबीन’ म्हणतात. उत्तर हिंदुस्थानात उन्हाळ्यात पितात त्या शिकंजीचे नावही त्या सिकंजबीनवरूनच आले आहे, जरी तिच्यातला शिरका, म्हणजे व्हिनेगर, जाऊन त्याच्या जागी लिंबू कधीचेच आले असले तरी.

नावाविषयी एक गोष्ट ग्राहकाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. मॅसॅच्युसेट्स राज्यातील एका कंपनीने २०१२ मध्ये ‘फायर सायडर’ या शब्दांवर व्यापारचिन्ह नोंदवले आणि पुढे तीन वनौषधी-विक्रेत्या स्त्रियांवर दावा लावला. बरीच वर्षे चाललेल्या त्या खटल्यात २०१९ मध्ये संघराज्य न्यायालयाने हे नाव सर्वसामान्य असल्याचा निर्णय दिला. लोणचे या शब्दावर जशी कोणाची मालकी नाही, तसेच हे. निर्णय रास्तच होता, परंतु त्याचा दुसरा अर्थ असा की वेष्टनावर ‘फायर सायडर’ लिहिले म्हणजे आत अमुक वस्तू अमुक प्रमाणात असतीलच, अशी कसलीही हमी त्या नावातून मिळत नाही. हे मला किट उघडल्यावर कळले.

खोक्यात सुमारे ९५० मिलिलिटरची काचेची बरणी, तिला पत्र्याचे झाकण, सुक्या मिश्रणाच्या दोन कागदी पुड्या, मलमलीचे एक फडके, बाटलीवर लावायची दोन लेबले आणि कृतीचे एक देखणे कार्ड होते. व्हिनेगर आणि मध आपण आणायचे. म्हणजे ज्या दोन वस्तूंनी बरणीतला द्रव तयार होतो त्या दोन्ही किटमध्ये नाहीत, आणि ही सूचना खोक्याच्या तळाशी बारीक अक्षरांत छापलेली आहे. मला तो खर्च १४ डॉलर आला. कार्डावर ‘रोगप्रतिकारशक्तीला आधार देते’ हे वाक्य मोठ्या अक्षरांत, त्यापुढे एक तारांकन, आणि तळाशी त्या तारांकनाचा खुलासा, की या विधानाचे सरकारी औषध प्रशासनाने मूल्यमापन केलेले नाही आणि हे उत्पादन कोणताही रोग बरा करण्यासाठी नाही. अमेरिकेत पूरक आहाराच्या वस्तूंवर असे विधान केले की हा खुलासा छापावाच लागतो, त्यामुळे त्यात लबाडी नाही. तरी वरचे वाक्य वाचणाऱ्याची नजर खालच्या वाक्यापर्यंत पोहोचू नये, याची काळजी मांडणीत पुरेपूर घेतली होती.

खरी गंमत घटकांच्या यादीत होती. येथील नियमानुसार घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. यादी सुरू होत होती संत्र्याच्या वाळलेल्या सालीपासून, त्यानंतर वाळवलेला कांदा, आले, हळद, लसूण, आणि मग सहाव्या क्रमांकावर हॉर्सरॅडिश. त्याच्याही मागे रोजमेरी आणि मिरची. ज्या मुळामुळे या पेयाला ‘आगीचे’ म्हणतात ते सहावे आणि ज्याची मूळ कृतीत गरज नाही ती साल पहिली. साल स्वस्त असते, हलकी असते, काचेतून छान दिसते आणि पुडी फुगवते.

तरीही किटवर अन्याय नको म्हणून मी दोन बरण्या शेजारी शेजारी घातल्या. एक किटमधली, कार्डावर लिहिल्याबरहुकूम, म्हणजे पुडी बरणीत ओतायची, वर व्हिनेगर, झाकण लावायचे, रोज हलवायची. दुसरी ताज्या जिनसांची. ताज्या बरणीसाठी अर्धा कप किसलेले हॉर्सरॅडिश, अर्धा कप कांदा, पाव कप लसूण, पाव कप आले, बोटभर ओली हळद, दोन सुक्या लाल मिरच्या आणि सगळे बुडेल इतके व्हिनेगर असे प्रमाण घेतले. हॉर्सरॅडिश मात्र सहजासहजी मिळाले नाही. आमच्याच इलिनॉय राज्यातील कॉलिन्सव्हिल हे गाव स्वतःला हॉर्सरॅडिशची जागतिक राजधानी म्हणवते, पण आमच्या जवळच्या मोठ्या दुकानांत हे मूळ मला वसंत ऋतूतच दिसते, कारण तेव्हा ज्यूंच्या पासोव्हर सणाच्या जेवणात ‘कडू’ जिन्नस म्हणून ते ठेवतात. शेवटी शिकागोतील मिलवॉकी अव्हेन्यू या रस्त्यावरच्या एका पोलिश वाणसामानाच्या दुकानात ते सापडले. त्यांच्या भाषेत त्याला ‘ख्शान’ म्हणतात. हातभर लांब, मातकट, गाठाळ मूळ. साडेतीन डॉलरला पाऊण पौंड मिळाले आणि त्यातले अर्धे अजून शीतकपाटात आहे.

ते सोलेपर्यंत त्याला कसलाही वास नव्हता. किसणीवर पहिले दोन-तीन हात फिरले आणि मग काय होते हे ज्याने भर दुपारी खिडक्या बंद ठेवून लोणच्याची मोहरी कुटली आहे त्याला सांगायला नको. डोळे, नाक, कपाळ, सगळे एकदम. खोलीच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या सासूबाई सांगलीहून सहा महिन्यांसाठी आल्या होत्या. त्या तेथूनच म्हणाल्या, “अगं, मोहरी फेसतेस की काय?”

चार आठवड्यांत दोन्ही बरण्यांत जे घडले ते असे. किटच्या बरणीतील सुके तुकडे पहिल्या दोन दिवसांतच व्हिनेगर पिऊन फुगले आणि पातळी बोटभर खाली गेली. वरचे तुकडे उघडे पडले. कार्डावर याविषयी एक अक्षर नाही आणि हा दोष मी गंभीर मानते, कारण अशा मुरवणीत जिन्नस सतत आंबट द्रवाखाली बुडालेला असणे हाच सुरक्षिततेचा पाया आहे. पाच टक्के आम्लतेच्या व्हिनेगरमध्ये घातक जंतूंना वाढता येत नाही, पण वर उघड्या राहिलेल्या तुकड्यावर बुरशी धरू शकते. मी दोनदा व्हिनेगरची भर घातली. तिसऱ्या आठवड्यात झाकणाच्या आतल्या कडेला तांबूस गंजाची रेघ उमटली. व्हिनेगर आणि पत्रा यांचे जमत नाही, हे लोणची घालणाऱ्या घरांना ठाऊक असते. झाकणाखाली बटर पेपरचा एक तुकडा घातला असता किंवा प्लॅस्टिकचे झाकण दिले असते तर हा प्रश्न उद्भवला नसता. ३४ डॉलरमध्ये तेवढे बसायला हरकत नव्हती.

ताज्या बरणीत चौथ्या दिवशी लसणाच्या काही पाकळ्या चक्क निळसर हिरव्या झाल्या. मोरपिसाच्या कडेला असते तसा रंग. मी ती बरणी टाकून द्यायच्या बेतात होते, पण हा बिघाड नव्हे. लसणातील गंधकयुक्त द्रव्ये आणि अमिनो आम्ले यांच्यातील क्रियेमुळे आम्लात असा रंग येतो, थंडीत साठवलेल्या लसणात तो अधिक येतो, आणि त्याने काही अपाय होत नाही. उत्तर चीनमध्ये तर हिवाळ्यात मुद्दाम असा हिरवा लसूण व्हिनेगरमध्ये मुरवून खातात. दहाएक दिवसांनी हळदीच्या पिवळ्या रंगात तो निळेपणा बुडून गेला.

गाळल्यावर किटच्या बरणीतून जेमतेम दोन कप द्रव हाती आला. व्हिनेगर घातले होते सव्वातीन कप. बाकीचे सालींनी आणि कांद्याने गिळले होते आणि मलमलीतून कितीही पिळले तरी ते सोडत नव्हते. रंग गढूळ तपकिरी, तळाशी हळदीचा गाळ. चव घेतली तेव्हा संत्र्याच्या सालीचा कडवटपणा पुढे आणि मिरचीचा चटका मागे, मध्ये काहीच नाही. मध घातल्यावर ते एक बरे सरबत झाले. ताज्या बरणीतील द्रव सोनेरी, जवळजवळ पारदर्शक. आंबट, मग कांद्या-लसणाची खोल चव, आणि त्यानंतर घशातून वर नाकाकडे चढणारा तो झणका. मिरची जिभेवर बसते, हॉर्सरॅडिश नाकात जाते, आणि हा फरक एका चमच्यात कळतो.

सासूबाईंनी दोन्ही चाखले, किटचे कार्ड माझ्याकडून वाचून घेतले आणि एकच प्रश्न विचारला. “मोहरी फेसायच्या आधीच तिच्यात लिंबू पिळलंस तर ती चढेल का?”

दुसऱ्या कोणी किटचे परीक्षण इतके नेमके केले असते असे मला वाटत नाही. हॉर्सरॅडिश आणि मोहरी या एकाच कुळातल्या वनस्पती आहेत. दोहोंत सिनिग्रिन नावाचे द्रव्य असते आणि ते स्वतः तिखट नसते. मूळ किसले किंवा मोहरी वाटली की पेशी फुटतात, वेगळ्या कप्प्यात असलेले मायरोसिनेज हे विकर (एन्झाइम) त्या द्रव्याला भेटते आणि पाण्याच्या सान्निध्यात झणझणीत तेल तयार होते. या क्रियेला काही मिनिटे लागतात. आम्ल घातले की विकराचे काम थांबते. जेवढा झणका तोवर तयार झालेला असेल तेवढा मात्र टिकतो. उकळत्या पाण्याने विकर नष्टच होते. आपल्याकडे मोहरी थंड पाण्याबरोबर फेसतात, ती नाकात चढली की मगच लिंबू पिळतात आणि कोशिंबिरीत किंवा लोणच्यात घालतात, त्यामागचे कारण हेच. किटचे कार्ड सांगते की सुक्या पुडीवर थेट व्हिनेगर ओता. म्हणजे सहाव्या क्रमांकावर का होईना, जे थोडे हॉर्सरॅडिश आत आहे त्यालाही तोंड उघडायची संधी द्यायची नाही. ताजे मूळ किसल्यावर मी लसूण सोलत बसले आणि त्या पाच-सात मिनिटांत ते आपोआप चढले होते, हा निव्वळ योगायोग.

दुसरी पुडी शिल्लक होती. सासूबाईंनी ती ताटात पसरली आणि चष्मा लावून तांदूळ निवडावेत तसे हॉर्सरॅडिशचे पांढरट तुकडे एकेक करून बाजूला काढले. अर्धा तास लागला आणि हाती आला दीड चमचा ऐवज. तो खलबत्त्यात कुटून त्यांनी दोन चमचे थंड पाणी शिंपडले आणि वर वाटी उपडी घातली. दहा मिनिटांनी वाटी उचलून हुंगले तर, खरोखर, बारीकसा का होईना पण झणका आला होता. वाळवणीत विकर पूर्ण मेले नव्हते. मग ते कुटलेले तुकडे आणि बाकीची पुडी बरणीत घालून वर व्हिनेगर ओतले, झाकणाखाली बटर पेपर लावला. तीन कप व्हिनेगरला दोन चमचे पाणी म्हणजे आम्लता कमी होण्याचा प्रश्न नव्हता. ही तिसरी बरणी पहिलीपेक्षा निश्चित सरस निघाली. ताज्या बरणीशी तुलना करायची तर निम्मी म्हणता येईल, त्याहून अधिक नाही. सांगायचे एवढेच की किट विकणाऱ्याने कार्डावर दोन ओळी अधिक छापल्या असत्या आणि हॉर्सरॅडिशची वेगळी पुडी दिली असती, तर हेच किट आजच्या दुप्पट चांगले झाले असते.

आता मुख्य प्रश्न, की याने सर्दीला आळा बसतो का. आमच्या घरी बसला नाही. मुलाला जानेवारीत नेहमीसारखीच सर्दी झाली, त्याच्याकडून ती मला लागली, आणि दोघेही हे रोज घेत होतो. सर्दी घडवणारे विषाणू दोनशेहून अधिक आहेत आणि त्यांना कांद्या-लसणाच्या व्हिनेगरची भीती वाटण्याचे कारण मला दिसत नाही. मधाने खोकल्याची ढास कमी होते, ऊन पाण्याने घशाला बरे वाटते आणि झणक्याने नाक मोकळे झाल्याचा भास काही मिनिटे राहतो. नाक चोंदलेल्या माणसाला तेवढा भासही मोलाचा असतो, हे मी अनुभवाने सांगते. आपला आले-गवती चहा-तुळशीचा काढा याहून कमी पडतो असे मी म्हणणार नाही, मात्र काढा रोज उकळावा लागतो आणि हे शीतकपाटातून काढून दोन चमचे घेता येते. मध येथे गाळून झाल्यावर, थंड द्रवात घालतात, ही गोष्ट सासूबाईंना विशेष आवडली, कारण मध तापवू नये यावर त्या ठाम आहेत.

घेताना ते पाण्यात मिसळूनच घ्यावे. कार्डावरील ‘छोटा पेला एका घोटात रिचवा’ हा सल्ला मी पाळला नाही, कारण रोजच्या नुसत्या व्हिनेगरने दातांवरील कठीण आवरण (एनॅमल) झिजते आणि आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांची छाती जळते. रक्त पातळ करणारी किंवा लघवी वाढवणारी औषधे चालू असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नये. मध असल्यामुळे एक वर्षाखालील बाळाला तर थेंबही देऊ नये. यांपैकी एकही सूचना कार्डावर नाही. लेबल लावण्याची पद्धत मात्र तीन चित्रांनिशी दाखवली आहे.

महाराष्ट्रात किंवा गोव्यात कोणी हे करू पाहील तर दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. तेथे हॉर्सरॅडिश मंडईत मिळणार नाही. इंग्रज अमदानीत साहेब लोक त्याऐवजी शेवग्याचे मूळ किसून खात आणि शेवग्याला इंग्रजीत ‘हॉर्सरॅडिशचे झाड’ हे नाव त्यावरूनच पडले. पण शेवग्याच्या मुळात विषारी द्रव्ये असतात, तेव्हा तो मार्ग धरू नये. मोठा चमचाभर राई थंड पाण्यात चढेपर्यंत फेसून बरणीत घातली तर झणक्याचे तेच तेल मिळते. दुसरे म्हणजे, गोव्यातील माडाच्या ताडीचे व्हिनेगर चवीला फार सुंदर असते आणि सोरपोतेल या डुकराच्या मांसाच्या पदार्थात त्याला तोड नाही, तरी घरगुती व्हिनेगरची आम्लता मोजलेली नसते. महिनाभर कांदा-लसूण मुरवायचे असल्यास ज्या बाटलीवर पाच टक्के असे छापलेले आहे तीच घ्यावी.

हिशेब सांगायचा तर किटच्या दोन बरण्यांना व्हिनेगर-मधासह ४८ डॉलर लागले आणि मिळून साधारण सव्वाचार कप पेय हाती आले. ताज्या जिनसांच्या एका बरणीला व्हिनेगर आणि मध धरून १८ डॉलर लागले, अडीच कप उत्तम पेय मिळाले आणि चोथाही वाया गेला नाही. तो आम्ही भाजणीत मिसळून, वर मूठभर कोथिंबीर घालून थालीपिठे लावली; आंबट-तिखट आणि लसणाच्या वासाची ती थालीपिठे लोण्याबरोबर त्या पेयापेक्षाही लवकर संपली. किटचा चोथा सालींमुळे इतका कडू होता की तो टाकून द्यावा लागला.

ज्यांच्या जवळपास हॉर्सरॅडिशच काय, आलेसुद्धा ताजे मिळत नाही, किंवा ज्यांना कोणाला भेट म्हणून काही नीटनेटके द्यायचे आहे, त्यांनी हे किट घ्यायला हरकत नाही. पाचापैकी मी त्याला दोन तारे देते, त्यातला एक केवळ बरणीसाठी. काच जाड आहे, तोंड रुंद आहे आणि हात आत जातो. सध्या तिच्यात लिंबाचे लोणचे मुरते आहे, प्लॅस्टिकचे झाकण लावून.